ल्युबेन कुठे थांबायचा

बिस्त्राचा नवरा ल्युबेन गेला तेव्हा पहिली अडचण आली ती त्याच्या फोटोची.

छापखान्यातली मुलगी पडद्यावर काळ्या चौकटीचा कागद उघडून बसली होती. नाव घालून झालं होतं, वय घालून झालं होतं. वरची जागा तेवढी रिकामी होती. आमच्याकडे माणूस गेला की हे कागद छापून इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर आणि तो जिथे जिथे बसत-उठत असे तिथे चिकटवतात. ज्याला कुणी फोन करणार नाही, त्याला भिंतीवरून कळतं. नाव सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. लोक तोंड बघतात.

बिस्त्राच्या मोबाइलमध्ये आमच्या प्लोवदिव शहराचे हजारो फोटो होते. टेकड्या, जुन्या गावातले दरवाजे, नदीवरचं धुकं, मांजरं. ल्युबेनचा एक नव्हता. एका फोटोत त्याचं कोपर होतं. नेबेत टेकडीवरच्या एका फोटोत दगडी भिंतीवर त्याची सावली पडली होती, आणि ती लांबलचक सावली बघून मुलगी म्हणाली, "हे नाही चालणार, काकू."

शेवटी त्याच्या गाडी चालवायच्या जुन्या परवान्यावरचा फोटो मोठा करून छापला. सैन्यातून सुटून आलेला, दाट काळ्या मिशीचा, टवटवीत पोरगा. खाली वय एकसष्ट.

"दिसतो तरी छान," बिस्त्रा म्हणाली.

माझं नाव नेली, मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हापासून. ल्युबेनला मी मिशीत कधी पाहिला नव्हता.

बिस्त्रा नदीपलीकडच्या आमच्या वस्तीत जन्मली, इथेच वाढली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर तिचा जन्म गेला. मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला कामाला गेली, त्या हिवाळ्यात तिनं ब्लॉग सुरू केला. रिकाम्या खोलीत शिवणयंत्र ठेवायचं की कम्प्युटर, असा प्रश्न होता. माझ्या मते यंत्र ठेवायला हवं होतं. पण ब्लॉग चालला. "माझ्या शहरातल्या माझ्या आवडत्या जागा" असं तिचं दर वसंतात ठरलेलं लिखाण असे आणि ते वाचून राजधानीतली, सोफियाची माणसं गाड्या काढून येत. दुकानात गिऱ्हाईक चष्मा घालून बघायच्या ऐवजी तिलाच बघत, "त्या तुम्हीच का?" म्हणत. तिला ते आवडायचं. कुणालाही आवडेल.

ल्युबेन लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं सांभाळायची आणि शनिवारी बायकोला गाडीतून तिच्या जागांवर न्यायचं. हिरव्या कापडाची मोठी पिशवी त्याच्या खांद्याला. तीत फोटो काढायची तिपाई, पाण्याची बाटली, तिची जाड शाल आणि दोन सँडविच. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली की पिशवीतली तिपाई आणि शाल काढून तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "जा तू. मी आहे खाली."

ती वर जायची. खाली यायची तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी तो पिशवी घेऊन उभा. कधी उशीर नाही, कधी कुरकुर नाही. मी एकदा तिला म्हटलं होतं, "बिचारा तासन्‌तास उभा राहतो." तर म्हणाली, "अगं त्याला आवडतं. तो काही बघणारा माणूस नाही. तो उभा राहणारा माणूस आहे."

ब्लॉगमध्ये ती "आम्ही" असं कधी लिहीत नसे. "मी चढले, मी पाहिलं, मी थांबले."

नोव्हेंबरात, कामावर, लिफ्टच्या यंत्रखोलीत ल्युबेन बसल्या जागी गेला. छापलेले कागद आणि चिकटपट्टी घेऊन बिस्त्रा आणि मी निघालो. इमारतीचं दार, बसथांबा, त्याची कचेरी. मग ती म्हणाली, "आता त्याच्या आवडत्या जागा."

नेबेतवर जाणाऱ्या दगडी जिन्याची भिंत. घड्याळाच्या मनोऱ्याकडे जाणारी वाट. वल्हवायच्या होड्यांचा कालवा. जुन्या गावातलं निळं दार, ज्याच्या फोटोला सगळ्यात जास्त लोकांनी पसंती दिली होती. मी एका ठिकाणी विचारलं, "इथे बसायचा तो?"

"माझ्याबरोबरच असायचा ना सगळीकडे," ती पट्टी दातानं तोडत म्हणाली.

चाळिसाव्या दिवशी स्मशानात बर्फ नव्हता, नुसता चिखल होता. पाद्रीबुवा घाईत होते. बिस्त्रानं गहू शिजवून, साखर आणि अक्रोडाचा कूट घालून भलं मोठं पातेलं भरून नेलं होतं. मुलगी, जावई, बिस्त्राची नणंद, कचेरीतले दोघं आणि आमच्या इमारतीतली आम्ही. गहू उरला. परत येताना बसमध्ये ते पातेलं तिच्या मांडीवर होतं, वर फडकं बांधलेलं.

"त्याला माणसंच नव्हती गं, नेली," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कुणी नव्हतं त्याला."

दुःख होतंच तिच्या आवाजात. पण त्याच्या तळाशी एक बारीकसा अभिमानही होता, साखर बसते तसा.

एप्रिलमध्ये तिचे वाचक विचारायला लागले. यंदा यादी नाही का? बाकी सगळं ठीक ना? तिनं ब्लॉगवर नवरा गेल्याचं लिहिलं नव्हतं. तिथे नवरा आहे हेही कधी लिहिलं नव्हतं. एका शनिवारी सकाळी हिरवी पिशवी खांद्याला लावून ती माझ्या दारात उभी राहिली.

"चल. एकटीला नको वाटतंय."

बसनं गेलो. नेबेतच्या जिन्याशी पोचलो तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले. मी म्हटलं, "तू जा वर. मी आहे खाली."

बोलून गेले आणि दोघींच्याही लक्षात आलं. तिनं तिपाई घेतली, पिशवी माझ्याकडे दिली आणि मागे न बघता चढायला लागली.

जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून बघा एकदा. नदीवरून वारा येतो आणि बसायला एक दगडही नाही. इथे कुणी तासभर उभं राहूच शकत नाही. मी आडोसा शोधत बाजूच्या बोळात वळले. आत एक फरसबंद आवार होतं, किल्ल्या करून देणाऱ्याची पत्र्याची टपरी, तिच्याशेजारी नाणं टाकून कॉफी देणारं यंत्र, दोन स्टुलं आणि मध्ये उलट्या पेटीवर ताब्ला या आमच्या सारीपाटासारख्या खेळाचा पट. फासे, सोंगट्या, सगळं मांडलेलं. टपरीत सत्तरीचा एक माणूस किल्ली घासत होता. त्यानं मान वर केली, पण माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघितलं.

"ओ बाई. ही पिशवी कुणाची?"

"मैत्रिणीची आहे."

"मैत्रिणीची कशी? ल्युबोची आहे ती. त्या पट्ट्याला रिबीट मी मारलंय. बघा, पितळेचं आहे. तो नुसताच शिवून आणणार होता." तो बाहेर आला. हात पुसत पुसत म्हणाला, "म्हणजे पिशवी पाठवलीन होय. स्वतः यायला लाज वाटते. सांगा त्याला, मितोनं स्टूल काही दुसऱ्याला दिलेलं नाही. पण आधी यायला त्यानंच हवं. मी थोरला आहे."

मला कळेना सुरुवात कुठून करावी. मी विचारलं, "ल्युबेन कोलारॉव म्हणताय का तुम्ही? लिफ्टवाला?"

"आडनाव कुणाला ठाऊक. ल्युबो. शनिवारचा ल्युबो. बारा वर्षं येतोय आणि एक डाव पुरा केला असेल तर शपथ."

मी सांगितलं. सरळ सांगितलं, दुसरं काही सुचलंच नाही.

मितो स्टुलावर बसला. मग उठला आणि दुसऱ्या स्टुलावर बसला. बहुधा पहिलं ल्युबेनचं असावं.

"कधी?"

"नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात." त्यानं बोटं दुमडली, महिने मोजल्यासारखी. "मग मी इतके दिवस शिव्या कुणाला देत होतो?"

टपरीतल्या यंत्राचं चाक अजून फिरत होतं. ते त्यानं बंद केलं नाही. मला म्हणाला, "मला कुणी सांगितलं का नाही? कागद नाही लावला?"

"लावला. जिन्याच्या भिंतीवर. इथून वळलं की लगेच."

तो माझ्याबरोबर आला. कागद अजून होता. पावसानं चौकट ओघळली होती, एक कोपरा सुटला होता, पण मिशीवाला पोरगा तसाच टवटवीत बघत होता. मितो पुढे झाला आणि सुटलेला कोपरा त्यानं अंगठ्यानं दाबला.

"हा?" तो म्हणाला. "हा आमचा ल्युबो? बाई, हा कागद मी हिवाळाभर बघतोय. रोज टपरी उघडायला इथूनच येतो. मी म्हटलं, बघा, केवढं तरणं पोर गेलं. वय वाचलं नाही. तरण्यांचं वय वाचवत नाही."

बिस्त्रा जिना उतरत होती. मितोनं तिला बघितलं आणि टोपी काढली.

"या वहिनी," तो म्हणाला.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "हे मितो. ल्युबेनचे मित्र."

"ल्युबेनचे?" ती असं म्हणाली, जसं काही मी चुकीच्या माणसाचं नाव घेतलं होतं.

"तुम्ही ओळखत नसाल. मी ओळखतो तुम्हाला," मितो म्हणाला. "तुम्ही वर चढलात की आमचा डाव सुरू. तुम्ही उतरायला लागलात की बंद. ते स्टूल तो मुद्दाम तसं ठेवायचा. बोळाच्या तोंडातून जिन्याचं वरचं वळण दिसतं. तुमची शाल दिसली की फासे टाकायचा खाली, पिशवी उचलायचा आणि पळायचा."

"तो इथे उभा असायचा," बिस्त्रा म्हणाली. "इथे, पायथ्याशी. नेहमी. मी यायच्या आधीपासून."

"उभा नसायचा वहिनी. पळत येऊन उभा राहायचा. धापा टाकायचा नाही का कधी?"

धापा टाकायचा. आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. बिस्त्रा त्याला म्हणायची, सिगारेटी कमी कर.

मितोनं यंत्रातून तीन कॉफ्या काढल्या. आवारात बसल्यावर त्यानं भांडणाचं सांगितलं. ऑक्टोबरातला एक शनिवार. मितो जिंकत होता, बऱ्याच दिवसांनी धडधडीत जिंकत होता, दोन-चार फाशांचा प्रश्न होता. आणि ल्युबेन उठला.

"मी म्हटलं, बस. तो म्हणाला, ती आली. मी म्हटलं, एवढ्यात कशी येईल? आत्ताच तर गेलीय. हरायला लागलास की तुला बायको दिसते. असं म्हटलं मी. दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसली. आणखी पण म्हटलं. बायकोचा हमाल म्हटलं. डाव टाकून जाणार असशील तर येऊ नकोस म्हटलं." मितोनं कॉफीचा कागदी पेला पेटीवर ठेवला. "त्यानं पिशवी उचलली. गेला."

"ढग आले होते," बिस्त्रा म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी ढग आले होते. उजेड गेला म्हणून मी लवकर उतरले. गाडीत मी त्याला विचारलं, तोंड का पाडलंयस? तो म्हणाला, ढग आलेत ना." तिनं पेला दोन्ही हातांत धरला होता, पण पीत नव्हती. "मला वाटलं, माझ्या फोटोंसाठी त्याला वाईट वाटतंय."

"म्हणजे खरंच दिसला होतात तुम्ही."

"खरंच दिसले होते."

मितोनं मान हलवली. "माझ्या नामदिनाला आला नाही. संत दिमिताराच्या दिवशी, ज्यांच्यावरून माझं नाव ठेवलंय. नामदिनाला कुणी बोलवत नाही, जायचं असतं. बारा वर्षं बाटली घेऊन यायचा, त्याच्या घरची, जर्दाळूची. बायकोनं त्याचं ताट मांडलेलं. तेव्हा मात्र मला राग आला. मग म्हटलं, क्षमेचा रविवार येऊ दे. तो धाकटा, धाकट्यानं येऊन माफी मागायची असते. ईस्टरचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी रविवार असून टपरी उघडून बसलो. बायको म्हणाली, वेडे झालात का, किल्ल्या करायला कोण येणार आज?"

तोवर ल्युबेनला जाऊन तीन-साडेतीन महिने झाले होते.

त्या दिवशी बिस्त्रानं एकही फोटो घरी नेला नाही. काढले होते ते बसमध्येच पुसून टाकले. आमच्या थांब्याजवळ आल्यावर म्हणाली, "त्या भांडणानंतरचे तीन-चार शनिवार तो म्हणाला, कालव्यावर जाऊ. नेबेत नको, कालव्यावर जाऊ. मला केवढा आनंद झाला माहितीय? म्हटलं, बारा वर्षांनी का होईना, याला एखादी जागा आवडायला लागली. मी लिहिलंसुद्धा त्यावर. शरदातला कालवा. लोकांना फार आवडलं होतं."

मे महिन्यात सहा महिने होत होते. पुन्हा कागद, पुन्हा स्मशान, पुन्हा गहू. या वेळी बिस्त्रानं आधी हिंडून घेतलं. ती तिच्या प्रत्येक जागी गेली आणि वर न चढता खाली थांबली. कुठे थांबता येतं, कुठे वारा लागत नाही, कुठून उतरणारा माणूस दिसतो, एवढंच बघायची. घड्याळाच्या मनोऱ्याखाली एक बाई सूर्यफुलाच्या बिया विकते. तिनं विचारलं, ते बिनमिठाच्या बिया नेणारे गृहस्थ हल्ली दिसत नाहीत? जुन्या गावात निळ्या दाराच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या जिन्याचा दिवा ल्युबेननं दुरुस्त केला होता, नि दर वेळी दिवा ठीक आहे ना विचारून, तिच्या पायरीवर बसून तिची सगळी दुखणी ऐकून जायचा. कालव्यावर मात्र त्याचं कुणी नव्हतं. पहारेकरी म्हणाला, एक माणूस गाडीतच बसायचा, काचा वर करून. झोपायचा की काय कोण जाणे.

फोटो मितोच्या मोबाइलमध्ये होता. आदल्या वर्षीच्या नामदिनाचा. ल्युबेन टकला, मिशी नाही, हातात पेला, कुणाच्या तरी विनोदावर तोंड उघडून हसतोय. पुढचा एक दात पडलेला दिसतो. बिस्त्रानं तो बराच वेळ बघितला.

"हा दात कधी पडला?" तिनं मला विचारलं.

मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

छापखान्यातली मुलगी म्हणाली, "काकू, हसणारा फोटो कुणी लावत नाही."

"हाच लाव," बिस्त्रा म्हणाली.

कागद आम्ही तिघांनी लावले. जिन्याच्या भिंतीवरचा जुना मितोनं किल्लीच्या धारेनं खरवडून काढला आणि नवा बोळाच्या तोंडाशी, टपरीवर, डोळ्यांच्या उंचीवर लावला. मनोऱ्याच्या वाटेवर नाही, बियांच्या गाडीशेजारी. निळ्या दारावर नाही, मागच्या गल्लीत. कालव्यावर लावायचा का, यावर बिस्त्रा अडली. शेवटी गाडी जिथे लावायचे तिथल्या खांबावर एक लावला. तो वाचायला तिथे कुणी नव्हतं.

स्मशानात या वेळी माणसं आली. मितो आणि त्याची बायको, बियावाली, काठी टेकत शिक्षिका, आणखी तीन-चार पुरुष ज्यांची नावं मला अजून ठाऊक नाहीत. त्यांनी थडग्यावर वाइन ओतली. बिस्त्रा चमच्यानं प्रत्येकाच्या हातावर गहू घालत होती आणि रीतीप्रमाणे जो तो म्हणत होता, "देव त्याला क्षमा करो."

मितोनं तळहात पुढे केला. गहू घेतला. नि बोलेचना. मागचे लोक थांबले.

"म्हणा की," त्याची बायको हळूच म्हणाली.

"काय म्हणू? क्षमा मी मागायची होती." त्यानं गहू तोंडात टाकला आणि बाजूला झाला.

बिस्त्रानं पुढच्याला गहू घातला. या वेळी पातेलं रिकामं झालं. शिक्षिकेला पुरला नाही, तर बिस्त्रानं तळ खरवडला. बसमध्ये मी म्हटलं, "बघ, किती माणसं होती त्याला." ती रिकाम्या पातेल्यावर फडकं घट्ट करत म्हणाली, "चाळिसाव्याला हवी होती गं. चाळिसाव्यापर्यंत जीव इथेच असतो म्हणतात. त्यानं सगळ्यांना शोधलं असेल."

आमचा थांबा आला तेव्हा पातेल्याचा एक कान मी धरला.

ब्लॉग आहे तसाच आहे. वाचक अधूनमधून विचारतात. एकदा तिनं लिहायला घेतलं होतं त्या आवाराविषयी, मला दाखवलंही. मग मितोला विचारायला गेली. तो म्हणाला, "नका लिहू वहिनी. लोक येतील, स्टुलावर बसून फोटो काढतील." तिनं पुसून टाकलं.

शनिवारी ती जाते मात्र. बसनं, पिशवी घेऊन. पिशवीत तिपाई नसते, सँडविच असतात. मितोनं तिला ताब्ला शिकवला आहे. ती वाईट खेळते, फासे जपून टाकते, जसं काही ते फुटतील. मी कधी बरोबर गेले तर कॉफी पीत बघत बसते. ल्युबेनच्या स्टुलावरून जिन्याचं वरचं वळण खरंच दिसतं. हातात मोबाइल धरून पोरं-पोरी उतरत असतात. त्यातली काही तिचंच वाचून आलेली असतील.

हरायला लागली की बिस्त्रा तिकडे बघते. डाव तसाच राहतो. मितो काही म्हणत नाही. फासे मुठीत धरून, तिचं बघून होईपर्यंत थांबतो.